पार्टोग्राफच्या पाठीवर

रात्रपाळी. तीन नंबरच्या खाटेवरची बाई
चार सेंटीमीटरवर थांबलेली,
तेव्हा एका बाद पार्टोग्राफच्या पाठीवर
मी तीन गावं लिहिली. डंडी, हॅलिफॅक्स, ऑकलंड.
पुढे रकाने. फी. भाडं. थंडी.
नवऱ्याला काम करता येईल का.
उत्पलाची शाळा. अश्वजितचा दमा.
शेवटचा रकाना आईंनी सांगितलेला:
'तिथं बाया बसून बाळंत होतात का निजून, थे इचार.'

आई म्हणजे सासूबाई. इंदोऱ्यातली अर्धी गल्ली
त्यांच्या हातावर जन्मली.
त्यांना फी कळत नाही, पौंड तर नाहीच,
पण त्यांच्या या एका प्रश्नाचं उत्तर
एकाही माहितीपत्रकात नव्हतं.
मी मेलवर विचारला. इंग्रजीत तो फार सभ्य झाला.

धम्मपालचं कमाल चौकात फ्लेक्सचं दुकान.
अठरा वर्षं तो दुसऱ्यांचे वाढदिवस छापतो.
'तिथं मी काय करू?' एकदाच म्हणाला,
मग स्वतःच, 'पहिले तर झोपीन,'
आणि कुलरमध्ये पाणी भरायला उठला.
हॅलिफॅक्सच्या थंडीचा आकडा मी घरात सांगितला नाही.
सत्तेचाळीस अंशांत बसून वजा पंधरा ऐकलं
की माणूस नुसता हसतो.

अर्जात विचारतात, किती प्रसूती केल्या?
रजिस्टरमध्ये प्रत्येक जन्मापुढे डॉक्टरची सही.
मी त्यात कुठंच नाही.
म्हणून माझी वेगळी मोजणी, पतपेढीच्या जुन्या डायरीत,
चार रेघा उभ्या, पाचवी आडवी.
दोन हजार एकशे सहा.
सुपरिंटेंडेंट मॅडमनी पानं उलटली.
'हा पुरावा कुठं चालेल, खोब्रागडे?'
म्हटलं, 'चालूनच राहिले नं, मॅडम.
काही तर आता अकरावीत आहेत.'
त्या हसल्या नाहीत. सही केली, शंभरांपुरती.
उरलेल्या दोन हजार सहा बाया
मी परत पिशवीत घातल्या.

तक्ता उत्पलाला सापडला, माझ्या डब्याखाली.
तेरा वर्षांची आहे. तिनं पेन्सिलनं एक रकाना वाढवला:
मैत्रिणी.
तिन्ही गावांपुढे शून्य.
आणि खाली इंदोरा, जो यादीत नव्हताच,
त्याच्यापुढे सात नावं.
मी ते खोडलं नाही.

पार्टोग्राफवर दोन तिरप्या रेघा असतात.
पहिली ओलांडली की सावध व्हायचं,
दुसरी ओलांडली की काहीतरी करायचंच.
मधल्या चार तासांना काय म्हणतात
हे आम्हाला कोणी शिकवलं नाही.
आमच्या घरी ते चार तास फेब्रुवारीपासून चालू आहेत.

साडेतीनला तीन नंबर ओरडली.
निजून होत नव्हतं तिच्यानं.
मी तिला खाली उतरवलं, फरशीवर गादी टाकली,
ती उकिडवी बसली माझा खांदा धरून,
आणि चार वाजून बारा मिनिटांनी पोरगी.
डॉक्टर आले, त्यांनी सही केली, गेले.

सकाळी मोबाइलवर डंडीचं उत्तर. तीन ओळी.
बाईला हवं तसं. जमिनीवर, पाण्यात, उभ्यानं.
आणि शेवटी त्यांचाच प्रश्न:
तुमच्या सासूबाई कसं करायच्या, लिहून पाठवाल?
आई म्हणाल्या, 'मले कुठं लिहिता येते.
तू लिही. पण फुकट नोको सांगू.'

धम्मपालनं बॅगांची लेबलं आधीच छापली होती,
गावाची जागा कोरी ठेवून.
'डंडी का डन्डी?' त्यानं विचारलं, 'अनुस्वार देऊ?'
'एवढी घाई काऊन?' उत्पला म्हणाली,
आणि तर्रीचा डबा स्वतःकडे ओढला.

मी गाऊन बदलायला आत गेले.
आरशात खांद्यावर तिची बोटं अजून उमटलेली,
चार उभी,
अंगठा आडवा.