शेरा

रजिस्टरात पाच रकाने. तारीख, पुस्तकाचा नंबर,
सभासद क्रमांक, सही,
आणि कडेला एक अरुंद: शेरा.
तो आखला होता फाटलं, भिजलं, पान गेलं
एवढंच लिहायला.

लीलाधरभाऊ कोवे दिवसा नळयोजनेची मोटर सांभाळतात,
संध्याकाळी सहा ते आठ ग्रंथालय.
रकाना पहिल्यांदा कोणी बिघडवला, त्यांनाही सांगता येत नाही.
बहुतेक मनकर्णाबाईनं. तिनं लिहिलं,
"पुस्तक ठीक. नवरा ठीक नाही."
गोष्टीतला की घरचा, कोणी विचारलं नाही.
पण पुढच्या तिघींनी तेच पुस्तक नेलं
आणि तिघींनी खाली लिहिलं,
"हाव."

मग रकाना पुरेना.
पंक्चरवाला शब्बीर तिरपं लिहितो, समासातून वर चढत:
"पहिली चाळीस पानं सायकल हातात धरून चाला,
मंग उतार लागते."
नववीतली प्रांजू: "कुत्रा मरतो हे आधी सांगायला पाहिजे होतं."
त्याखाली दुसऱ्याच शाईत:
"आमाले आता तूच सांगितलं ना."

मी बेचाळीस नंबर.
ब्लाउज शिवते, मशीन थांबलं की वाचते,
खुणेला अस्तराची चिंधी.
माझं भांडण सतरा नंबरशी.
तो शनिवारी येतो, मी मंगळवारी, चेहरा पाहिला नाही.
अक्षर मात्र पाठ आहे: शब्दांना डोकी देत नाही,
वाक्य संपलं की एकच लांब रेघ
सगळ्यांवरून ओढतो, टिनाच्या छपरासारखी.

मला जे आवडावं
त्यावर तो आधीच लिहून गेलेला असे.
"पाणी जास्त."
"रडवायचा धंदा."
आणि ते नदीचं पुस्तक, लाइट गेल्यावर
मोबाइलच्या उजेडात मी संपवलेलं, त्यावर:
"लेखक नदीत उतरलाच नाही. काठावर बसून भिजला."
मी पेन दाबून लिहिलं, मागच्या पानावर उठेल इतकं,
"तुम्ही उतरले का कधी?"

उत्तर आलं नाही.
तेव्हापासून मी त्यानं नको म्हटलेलीच पुस्तकं नेते.
जुनं ब्लाउज उसवून नव्याचं माप घ्यावं
तसं त्याच्या नकारावर बेतून
मी दोन कपाटं वाचून काढली.

माघात, शुक्रवारच्या बाजारात
भिवापुरी मिरचीच्या ढिगात एक पुठ्ठा खोचलेला.
"तिखट आहे. विचार करून घ्या."
वरून एकच लांब रेघ.

मागे एक हडकुळा माणूस, नाकाला दुपट्टा,
डोळ्यांतून पाणी, ते मिरचीचंच.
मी म्हटलं, पावभर द्या.
"घरी कोनी खाते का एवढं तिखट?"
मीच, म्हटलं.
त्यानं काटा सरळ झाल्यावर
वर आणखी एक मूठ टाकली.
मी नंबर सांगितला नाही.

त्या मंगळवारी रजिस्टर उघडलं.
नदीच्या पुस्तकाची ओळ, माझा प्रश्न, आणि त्याखाली
सव्वा वर्षानं:
"उतरलो नव्हतो. परत वाचलं.
बेचाळीस नंबरचं बरोबर आहे."

आता आली का पंचाईत.
कारण मधल्या उन्हाळ्यात मीही ते परत नेलं होतं,
आणि खरं सांगते, त्या लेखकाचे
पाय कोरडेच होते.

रकान्यात दीड ओळीची जागा.
लीलाधरभाऊ कुलूप हातात घेऊन दारात,
"लिवा न ताई लवकर, तिकडं टाकी भरून वाहाले लागली."
मी लिहिलं,
"पाणी जास्त."
आणि डोकी नंतर दिली,
सगळ्यांना मिळून एक.