तेवीस किलो

डावं पेडल उलटं उघडतं.
घट्ट करायला फिरवावं तसं फिरवलं की सुटतं.
अठ्ठावन्नाव्या वर्षी कळलं मला हे,
गौसभाई पाना हातात देऊन बाजूला बसला तेव्हा.
"तुम्हीच करो मॅडम. उधर मैं नै रहतूं ना."

मग हँडल आडवं झालं, सीट खाली गेली,
पुढचं चाक काढून मधल्या दांड्याला टेकवलं
आणि जुन्या परकराच्या नाडीनं बांधलं.
रिकाम्या फोर्कात त्यानं ठोकून बसवला
बाभळीचा तुकडा, पाच बोटं रुंद,
वरून कुणी पेट्या आपटल्या तरी दबू नये म्हणून.

हवा सोडायला मी खाली बसले.
रबराचा वास आला. रविवारी देवर्जनच्या चढावर
हीच हवा माझ्याखाली होती.
"पूरी नक्को छोडो, रिम मरती."
म्हणजे थोडी उदगीरची हवा येणार बरोबर.
कस्टमच्या फॉर्मात तिचा रकाना सापडला नाही.

खोका कूलरचा. एकात मावेना,
म्हणून दोन कापून एकमेकांत सरकवले.
दोन्हीकडून छापलंय: थंडगार वारा, कमी वीज.

सत्तावीस वर्षं मी पार्सलच्या खिडकीत काढली.
हॉस्टेलच्या पोरांचे धपाटे,
कुणाच्या लेकीची राहिलेली शिलाई मशीन,
एकदा तर नुसती एक चप्पल, दुसरी तिकडे होती म्हणे.
वजन करायचं, टाके बघायचे, शिक्का मारायचा.
लोकांची बोटं शेवटपर्यंत पार्सलवर असायची.
सोडा आता, म्हणायचे मी.
किरगिझस्तानला माझ्या खिडकीतून
एक पोस्टकार्डसुद्धा गेलं नाही कधी.

मोंढ्यातल्या मोठ्या काट्यावर
माणिकनं खोका ठेवला सोयाबीनच्या कट्ट्यासारखा.
पंचवीस किलो चारशे.
तिथंच टेप फाडला. चार हमाल भोवती उभे राहिले,
जो तो सांगायला लागला काय काढावं.
मोठं कुलूप निघालं. जादा टायर निघाला.
नणंदेनं गुपचूप खुपसलेलं पितळी निरांजन निघालं.
येसराचा डबा माणिकनं स्वतः परत आत ठेवला:
"हे ऱ्हाऊ द्या. तिकडं कशाला कशाची चव ऱ्हाती का?"
बावीस किलो आठशे.
त्यानं काट्याचे पैसे घेतले नाहीत,
तोल मात्र वहीत लिहिला, तुरीच्या खाली.

घरी येऊन जाड पेन घेतलं.
प्रेषक लिहिलं, नाव लिहिलं. प्रति लिहिलं
आणि हात थांबला.
मग तेच नाव पुन्हा लिहिलं, मुक्काम बिश्केक.
असं पार्सल खिडकीत आलं असतं तर
मी परत केलं असतं, पत्ता नीट लिहून आणा म्हणून.

आता तीन दिवस सायकल नाही.
बाजारात पायी गेले. अकरा वर्षांनी कळलं
की पोस्टाकडून चौकापर्यंत चढ आहे.
सायकलवर तो मला कधी लागलाच नव्हता.
दुधवाल्या शिवलिंगनं थांबून विचारलं, बरं नाही का?

रात्री खोक्याशेजारी अंथरूण टाकलं.
त्याच्यावर हात होता माझा, झोप लागेपर्यंत.
सोडा आता, असं सांगायला
खिडकीच्या त्या बाजूला कुणी नव्हतं.

पहाटे हैदराबादच्या गाडीचा कंडक्टर
खोक्याभोवती एक चक्कर मारून आला.
"कूलर हाय का, मावशी?"
सायकल आहे, म्हटलं.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, खोक्याकडं पाहिलं,
डिकीचं झाकण वर धरलं, आणि म्हणाला,
"सायकल असून बसनं जायलाव व्हय?"