निळं फाटक, कुत्रा आहे

पत्ता असा:
चिंगेलतेई, सतरावा खोरो, पाण्याच्या टपरीमागे,
निळं फाटक. कुत्रा आहे.
बस्स.
या टेकडीवरची निळी फाटकं मी एकदा मोजायला घेतली,
एकेचाळिसाव्याला नाद सोडला.
कुत्रा तर प्रत्येकाकडे आहे.

उणे एकतीस. चार वाजून चाळीस.
सहाच्या आत पोचलं नाही तर
पाच हजार तुगरुग माझ्या पगारातून.
फोन काखेत धरलाय, कोकरू धरावं तसा,
थंडीत त्याचा जीव पटकन जातो,
साठ टक्क्यांवरून एकदम काळा.
नकाशावर हा सगळा डोंगर म्हणजे एक करडा डाग
आणि डागात मी,
स्वतःभोवतीच फिरणारा ठिपका.

इथे गल्ल्यांना नावं नाहीत.
लोक गवताळ मुलखातून गेर घेऊन आले,
जिथे चुलीचा धूर सरळ वर गेला तिथे थांबले.
पुढच्या वर्षी गेर दुसऱ्या कोपऱ्यात,
दार मात्र कायम दक्षिणेला.
त्या एका गोष्टीवर माझा धंदा चालतो:
वाट चुकली की कुणाच्याही दाराकडे बघावं,
दक्षिण सापडते.
पुढचं विचारत जायचं.

"न्यामखंद बाई? पार्सल आहे तुमचं."
"मग ये की."
"कुठून येऊ?"
"सरळ ये."
"मी टपरीपाशी आहे."
"पाणी मिळतंय का तिथे?"
"मिळतंय."
"मग ती नवी. तू जुनीकडे जा.
जुनी आता नाहीये, पण जागा आहे ना!"
आणि फोन मेला.

नसलेल्या टपरीपाशी गेलो.
घसरगाडीवर पाण्याचे कॅन ओढत एक पोरगी आली,
पापण्यांवर बर्फ.
"न्यामखंद? शिवणारी का गुडघे दुखणारी?"
पार्सल दाबून पाहिलं. मऊ होतं, जडही होतं.
लोकर असेल, किंवा पट्टे असतील.
"जवळ कोण राहतं?"
"दुखणारी," ती म्हणाली. "तिला लांब राहून कसं चालेल?"

गाडी पुढे चढेना. पायी निघालो,
फाटकासमोर ओरडलो, "नोखोई खोर!"
कुत्रं धरा.
आमच्याकडे दार वाजवत नाहीत, हेच म्हणतात,
मग कुत्रं असो वा नसो.

ती शिवणारी निघाली.
पार्सल तिचंच निघालं.
(पोरीने फाटक चुकीचं दाखवलं, म्हणून बरोबर पोचलो.
हे कंपनीला कसं सांगणार?)
खारट चहाचा वाडगा हातात देऊन
ती तिच्या फोनवर कुणाला तरी रागावत होती,
कोळशाची गाडी वाट चुकली होती वाटतं:
"अरे, मागच्या हिवाळ्यात ती पांढरी प्रियस रुतली होती ना,
सगळ्यांनी चुलीतली राख आणून टाकली चाकांखाली,
बस, तिथून वर. तिसरं फाटक."

मी चहात बघत राहिलो.
ती प्रियस माझी.
तीन तास रुतलो होतो, सात पार्सलं उशिरा,
दंड अजून फेडतोय.

सहा वाजून चौदा मिनिटं.
चुलीपाशी ऊब घेऊन फोन जिवंत झाला,
विचारतो: उशिराचं कारण?
खाली तीन पर्याय. वाहतूक. हवामान. पत्ता अपूर्ण.
बोट तिसऱ्यावर नेलं,
आणि मागे घेतलं.

हवामान, असं दाबलं.