चार बोटं

त्यांचे रूळ रुंद, आमचे अरुंद.
फरक पंच्याऐंशी मिलिमीटर.
मी एकदा हात ठेवून मोजला: चार बोटं.
स्वर्ग दोन बोटं उरतो म्हणतात,
इथे सातूच्या वाघिणीला
युरोप चार बोटं उरतो.

मग जॅक लागतात. वाघीण अधांतरी उचलली जाते,
खालची चाकं निघून जातात, दुसरी येतात,
आणि तेवढा वेळ साठ टन धान्य
कुठल्याच देशात नसतं.
माझं टेबल बरोबर त्याच्या समोर.

लढाई सुरू झाली त्या उन्हाळ्यात वरून कागद आला:
जकातीच्या रकान्यात शून्य लिहावं.
तीस वर्षं आकडे लिहून वाकडी झालेली बोटं माझी,
पहिल्या दिवशी शून्य चक्क अंड्यासारखं आलं.
आता गोल येतं.
दिवसाला चाळीस शून्यं काढते मी,
कोणाला देतेय, कोणाचं घेतेय,
हे रकान्यात मावत नाही.

रोज सकाळी सहाला पलीकडून उस्तिना फोनवर
वाघिणींचे नंबर सांगते.
आम्ही एकमेकींना पाहिलेलं नाही.
तिचा आवाज नाकातून येतो, आणि सात म्हणताना
ती जरा थांबते, बस.
कधी मागे भोंगा वाजतो.
ती म्हणते, लिही, लिही, तो लांबचा आहे.

नमुना मी चाळणीवर घेते.
फॉर्ममध्ये सोय आहे: भुसा, माती, तणाचं बी, तुटका दाणा.
परवा चाळणीत कपची राहिली,
नखाएवढी, कडेला निळसर झाक,
अजून धार असलेली.
तिला रकाना नाही.
मी ती खणात ठेवली, स्टेपलच्या डबीत.
आता तिथे नऊ आहेत.

फेब्रुवारीत रुळांवर ट्रॅक्टर उभे राहिले.
पहिल्याच ट्रॅक्टरवर माझा भाऊ झेमोवित,
कानटोपी आईने विणलेली.
रात्री कोणीतरी वाघिणीची झडप उघडली
आणि सातू खडीवर वाहत गेला,
खूप वेळ, पावसासारखा आवाज करत.
कोणी उघडली, मी विचारलं नाही.
त्याचं कोठार छपरापर्यंत भरलेलं,
भाव निम्म्यावर, खरेदीदार फोन उचलत नाही.
तो म्हणाला, "बोगुमिला, शून्य तू लिहितेस,
भरतो मी."
मी थर्मासमधला चहा त्याला दिला.
त्याने तो प्यायला. ट्रॅक्टर हलवला नाही.

दुसऱ्या दिवशी फावड्याने सातू गोळा करताना
मला उस्तिनाला नंबर परत सांगायचा होता:
ही वाघीण पोचली, पण रिकामी.
ती गप्प राहिली. मग म्हणाली,
"त्यातला थोडा आमच्या गल्लीतल्या
हलीनाकाकूंचा होता.
ट्रॅक्टरपुढे काठीने जमीन चाचपत पेरलेला."

राजधानीतले लोक बसले, उठले, पुन्हा बसले.
शून्य वाढवलं, पण जूनपर्यंत.
पुढे बघू.
भावालाही बघू, उस्तिनालाही बघू,
दोघांच्या कपाळी एकाच हाताने
वाटाण्याच्या अक्षता.

सातू मार्चमध्ये पेरतात. जुलैत कापतात.
हे मी कोणाला सांगायचं?
माझ्या कचेरीत सूचनापेटी आहे,
तिच्यात गेल्या वर्षी चिमणीने घरटं केलं.

काल नंबर संपल्यावर उस्तिनाने फोन ठेवला नाही.
म्हणाली, काकू विचारताहेत,
तिकडे साहेबबाई तुझ्या ओळखीच्या आहेत ना,
त्यांना विचार: पेरू का?

समोर एक वाघीण हवेत होती,
जुनी चाकं गेलेली, नवी अजून यायची.
मी म्हटलं, थांब, बघते,
आणि उगाचच
कोऱ्या फॉर्मवर चार बोटं ठेवून बसले.