उणे चार

क्लायपेडा बंदरामागच्या तंत्रशाळेत
दर सोमवारी संध्याकाळी सहाला मी एडा शिकवते.
सप्टेंबरात अकरा जण होते.
पहिल्याच तासाला एकाने विचारलं, याने नोकरी कुठे लागते?
मी खरं ते सांगितलं.
पुढच्या सोमवारी सहा उरले,
आणि आता, बर्फ पडू लागल्यावर, चार.

स्किरमांतास क्रेन चालवतो, पाळी संपवून थेट येतो.
हाताला ग्रीसचा वास, की-बोर्डवर दोनच बोटं.
त्याने टनांत मीटर मिळवले.
कंपायलर नाही म्हणाला.
पुन्हा मिळवले. पुन्हा नाही.
"आकडेच तर आहेत, बाई!"
आकडेच आहेत रे.
पण इथे प्रत्येक आकड्याला कूळ असतं,
आणि टनाची मीटरशी सोयरीक जुळत नाही
कितीही मध्यस्थ घातलेस तरी.

"दुसऱ्या भाषा एवढा छळ करत नाहीत," ओस्ताप पुटपुटला.
नाहीच करत.
त्या पाहुण्यांसमोर सगळ्याला हो म्हणतात
आणि पाहुणे गेले की रात्री घरात भांडी आपटतात.
ही दारातच अडवते.

मला ती आवडते याचं आणखी एक कारण
मी वर्गात सांगत नाही.
तिच्यात काम संपताना
नुसतं संपलं म्हणून निघून जायचं नसतं,
उंबऱ्यावर थांबून नाव घ्यायचं असतं,
कोण संपलं त्याचं.
घेतलं नाही तरी बहुतेकदा चालतं.
चुकीचं घेतलं तर मात्र खपत नाही.

या सोमवारी मी घरून एक जुनी चळत नेली.
धक्क्यावरच्या रॅम्पचा प्रोग्राम, फेरीबोटीसाठी लिहिलेला,
बावीस वर्षांपूर्वीचा,
कडा कॉफीने तपकिरी, वर माझं तेव्हाचं आडनाव.
रॅम्पचा कोन: उणे चार ते अठरा.
गिंतविले सहसा बोलत नाही.
तिने त्या ओळीवर बोट ठेवलं.
"अठरा कळलं. पण उणे चार का?
पाच का नाही? शून्य का नाही?"

शून्यच होतं आधी.
मग जानेवारीतली ती रात्र,
पूर्वेच्या वाऱ्याने खाडीतलं पाणी समुद्रात ढकललं,
बोट धक्क्याच्याही खाली गेली,
रॅम्पला शून्याखाली उतरायचं होतं
आणि माझ्या प्रोग्रामने त्याला हवेत धरून ठेवलं.
पंचेचाळीस मिनिटं.
दोन ट्रक, एक पावाची गाडी,
लग्नाहून परतणारे वाजंत्री. त्यातल्या एकाने
थंडीने कंटाळून ट्रंपेट काढला म्हणे.
कॅप्टन व्हायदोतासने मला फोनवर दिलेल्या शिव्या
अजून कुठल्या शब्दकोशात आलेल्या नाहीत.
पण कुणी पाण्यात पडलं नाही.

पहाटे मी स्वतः गेले, कोनमापक घेऊन,
हातमोजे काढून मोजलं.
उणे साडेतीन.
उरलेला अर्धा अंश माझ्या भीतीचा.

त्यानंतर काही झालं नाही.
बावीस वर्षं काहीच झालं नाही,
आणि काहीच न होण्याबद्दल
कुणी कुणाला फोन करत नाही.
गेल्या उन्हाळ्यात ती बोट भंगारात गेली.

गिंतविलेने वहीत लिहून घेतलं:
साडेतीन अधिक भीती.
स्किरमांतासने तिच्या खांद्यावरून डोकावून पाहिलं.
"नाही चालणार," तो म्हणाला, अगदी माझ्या आवाजात,
"अंशात भीती मिळवता येत नाही. कूळ वेगळं."

ओस्तापला हसू आवरेना. मलाही.

दिवे घालवायला उठले तेव्हा
स्किरमांतास अजून पडद्यासमोरच होता.
त्याने आपल्या क्रेनच्या वजनाची मर्यादा
चाळीस टन होती ती खोडली,
थोडा वेळ दोन्ही बोटं हवेत धरली
आणि अडतीस लिहिलं.
कुठली रात्र, ते मी विचारलं नाही.