तीळभर

दर महिन्याच्या पहिल्या रविवारी, चहा झाला की
डेझली शर्ट काढते आणि न्हाणीघरातल्या स्टुलावर
माझ्याकडे पाठ करून बसते.
मी खिडकी सताड उघडतो. बाहेर ऊस,
कुणाचा तरी पंप, पत्र्यावर ककाटूंचा धिंगाणा.
"वाच," ती म्हणते.

मी मानेपासून वाचत उतरतो.
उजव्या खांद्यावर अकरा.
कण्याच्या कडेने चार, त्यातला तिसरा मसुराएवढा,
आमची ओळख झाली तेव्हापासूनचा.
डाव्या फऱ्याखाली वण,
झिप अर्ध्यावर अडकावी तसा.
तिथे होता तो. शर्टाच्या बटणाहून लहान.
तीस वर्षं शाळेच्या तलावाकाठी
स्टॉपवॉच घेऊन उभी राहिली ती,
पोरं पाण्यात आणि ही उन्हात.

भरती-ओहोटीच्या वहीत मागच्या पानांवर
मी नकाशा काढून ठेवलाय, तारखेनिशी.
तशी गरज नाही. तिची पाठ मला पाठ आहे.

तीन महिन्यांनी टाउन्सव्हिलला जातो.
डॉक्टर म्हणतात, क्लिअर.
हा शब्द बर्डेकिनच्या पुलापर्यंत टिकतो.
पूल ओलांडला की शेजारच्या सीटवर
तिची बोटं मानेच्या गाठी शोधू लागतात,
आणि मी रेडिओ मोठा करतो.

डिसेंबरची तिकिटं ती डिसेंबरातच काढते.
पर्थची नात विचारते, येणार ना नक्की?
ही म्हणते, बघू, आणि टूथपेस्ट घेते लहान ट्यूबची.
पलीकडच्या ब्रूनो झाप्पालाचं आठ वर्षं छान चाललं होतं,
अर्ध्या नाकावर स्वतःच विनोद करायचा,
नवव्या वर्षी लिव्हरमध्ये.
त्याला पोचवून आलो त्या रात्री
तिने काळा स्कर्ट इस्त्री करून
कपाटात पुढेच टांगला.
मी तो मागे सरकवला.
सकाळी तो पुन्हा पुढे.

एकाच गोष्टीबद्दल मी बोललो नव्हतो.
वर्षभर झालं, खिडकीतला उजेड
तिच्या पाठीवर सांडल्यासारखा पसरतो.
कण्याजवळचा तिसरा आणि चौथा हल्ली एकच दिसतो.
डोळ्यात तेल घालून बघतो मी,
आणि तेलातूनच बघतोय असं दिसतं.
वहीत मागल्या महिन्याचेच आकडे उतरवतो,
तारीख तेवढी नवी.

या रविवारी तिने नेहमीसारखं विचारलं,
"काही फरक?"
"तीळभर नाही."
ती उठली नाही. शर्टाकडे हात नेला नाही.
"उजव्या खांद्यावर बारा आहेत, क्लॅरी.
बारावा मी काढलाय, तुझ्या पेनने.
मागच्या महिन्यातही काढला होता."

मी वही मिटली. चष्मा पुसला,
त्याने काय होणार होतं.
"कधीपासून?"
"ख्रिसमसपासून."
"कुठल्या ख्रिसमसपासून?"
मग ती हसली की काय, खांदे हलले,
कळायला मला जवळ जावं लागलं.

दोन वर्षं भीती आमची पाठ सोडत नव्हती
आणि मी आंधळा पहारेकरी तिच्या दाराशी.
हे मी बोललो नाही. म्हणालो, "गुरुवारी
तुला घेऊन जाणार आहेच, तिथेच शेजारी
डोळ्यांचा दवाखाना आहे."
"नंबर लावलाय मी," ती म्हणाली, "तुझाही."

मग अंगठा ओला करून मी बारावा शोधला.
नाकाने वाचावं इतक्या जवळून.
पुसला. निळसर ओघळ गेला काखेपर्यंत.
त्याच्या खालचा घासला. नाही निघाला.
त्याच्या बाजूचा.
"तो नाही निघायचा," ती म्हणाली, "तो माझा आहे."
ठाऊक होतं मला.
तरी घासून पाहिला.