एक हात

आला तेव्हा तो सोनेरी होता.
दारांना, सायकलींना लावतात तो रंग,
बाजारात डब्यात मिळतो तो.
प्रेक अंपिल गावाने दर चैत्रात,
नवं वर्ष लागायच्या आदल्या दिवशी,
त्याला एक हात दिला होता.

आमच्या नोंदवहीत तो असा:
कांस्य. उंची चोपन्न सेंटिमीटर.
डावा हात मनगटापासून नाही.
गावाच्या तोंडी तो ता,
म्हणजे आजोबा.

रंगाखाली आजोबा आजारी होते.
बगलेत, पोटाच्या घडीत
फिकट हिरवी भुकटी, फुंकर मारली तर उडेल अशी.
चांगलं हिरवं घट्ट असतं, ते त्यांचं कातडं.
हे दुसरं हिरवं हवेतलं पाणी पितं
आणि धातू आतल्या आत कळकत जातो.
नॉम पेन्हच्या पावसाळ्यात तर
भिंतीसुद्धा पाणी पितात.

विचेका म्हणाला, रंग काढल्याशिवाय औषध पोचणार नाही.
खरं होतं ते.
मी कापसाचे बोळे वळायला घेतले.

पण आधी खांद्यावरची एक खपली उचलली,
तांदळाच्या कणीएवढी,
राळेत बसवली, आडवी घासली,
सूक्ष्मदर्शकाखाली धरली.
एकेचाळीस थर.
तळाशी लाख आणि सोन्याचा वर्ख,
पुन्हा लाख, पुन्हा वर्ख,
मग दिवस फिरलेले दिसतात, पिवळा स्वस्त रंग,
आणि मधेच
एक काळा पट्टा.
रंग नव्हे तो. तळ्यातला गाळ.
त्यावर पहिला जो हात आहे
तो पातळ, पाणी घालून पुरवलेला,
त्यात ब्रशच्या केसांची रेघ नाही.

जूनमध्ये यीय सारोन आली,
सहा तास बसने, पिशवीत उकडलेली केळी घेऊन.
टेबलाजवळ उभी राहिली.
निम्मा सोनेरी, निम्मा हिरवट काळा तो.
म्हणाली, आजोबांना उघडं का केलंत?

अहवालाच्या भाषेत याला उत्तर आहे.
ते मला तिच्यासमोर आठवेना.
मी तिला स्टुलावर बसवलं,
हातात मोजे चढवले, बोटांच्या टोकांशी रिकामे लोंबणारे,
आणि म्हटलं, यात बघा.

एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली.
मग वरून खाली उतरू लागली.
हा धाकटीच्या लग्नाचा.
हा पुराचा, वैशाख उलटल्यावर लावला.
हा कुठला गं, हा फार जाड झालाय,
बुनरोनने लावला असणार, त्याला मोजमाप कसलंच नव्हतं.
काळ्यापाशी थांबली.
इथे तो आमच्या तळ्यात होता.
मी आणि सोक, रात्री. दगड बांधून.

सोक कोण, असं मी विचारलं.
तिने डोळा बाजूला घेतला,
खांद्यावरच्या क्रामाने भिंग पुसलं,
माझं भिंग, जे कापडाने कधीच पुसायचं नसतं.

त्याच्या वरचा हात माझा, म्हणाली.
गावात ब्रश नव्हता.

सात महिने लागले.
डाव्या बगलेखाली, मागच्या अंगाला,
दोन बोटं रुंद पट्टी मी तशीच ठेवली.
अहवालात लिहिलं: संदर्भासाठी राखीव.
प्रदर्शनाआधी वरून विचारणा झाली,
तुटलेला हात प्लास्टरचा करून बसवता येईल का?
नाही, असं लिहिलं.
कारणाचा रकाना कोरा सोडला.

आता ते काचेत असतात,
आर्द्रता चाळीसच्या आत,
ओलावा शोषणाऱ्या खड्यांच्या पुड्या पायांशी.
चैत्रात बसच्या कंडक्टरबरोबर
एक डबा आला.
अर्धा भरलेला, झाकण दगडाने ठोकून बसवलेलं,
हलवला की आत जड काही हलतं.
असा रंग प्रयोगशाळेत ठेवायला मनाई आहे.
विचेकाने दोनदा आठवण केली.
खिडकीजवळच्या फळीवर आहे तो,
बोळ्यांच्या बरणीमागे.